श्री. व्हर्जिल एक्सनर यांस, शेपटीच्या पंखांबाबत

श्रीयुत व्हर्जिल एक्सनर,
माजी उपाध्यक्ष, स्टायलिंग विभाग, क्रायस्लर कॉर्पोरेशन, डेट्रॉइट
यांस सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपण १९७३ सालीच वारलात, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर पत्र उघडं लिहिते आहे. पोस्टमनला उगाच हेलपाटे नकोत.

निवृत्त झाल्यावर माणसं काय काय करतात. कुणी नर्मदा परिक्रमेला जातं, कुणी सोसायटीच्या कमिटीत शिरून पाण्याच्या टाकीवरून भांडतं. आमच्या घरच्या गृहस्थांनी कराडकडच्या एका वाड्यातून १९५७ सालची डॉज किंग्जवे पुण्यात आणली. ही गाडी तुमची. म्हणजे कागदोपत्री तिचं तोंड डॉजचं आणि बाकी सगळं अंग प्लिमथचं. परदेशी पाठवायच्या गाड्यांत तुमची कंपनी असली कलमं सर्रास करायची. पण मागचे ते दोन पंख मात्र शंभर टक्के तुमचे. त्याच पंखांपायी हे पत्र.

आधी एक खुलासा. ही गाडी डेट्रॉइटहून आमच्याकडे आलेली नाही. ती कुर्ल्याची. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून तुमच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो तिथे जोडायला घेतल्या. सुटे भाग खोक्यांतून बोटीने यायचे आणि कुर्ल्यात त्यांची गाडी व्हायची. तेव्हा मराठी हात तुमच्या पंखांना अगदी जन्मापासून लागलेला आहे. मुंबईत त्या काळी असल्या लांबलचक अमेरिकन गाड्या टॅक्सी म्हणून धावायच्या आणि टॅक्सी म्हणूनच झिजून भंगारात गेल्या. आमची वाचली कारण ती कुणा बागायतदाराने हौसेने घेतली, खर्च परवडेना तेव्हा गोठ्याशेजारच्या शेडमध्ये ढकलली आणि विसरून गेला.

तर आम्ही ती शेडमध्ये पाहिली. पुढच्या काचेवर कडब्याचा भुसा, मागच्या सीटवर अंडी घालायला बसलेली कोंबडी आणि डाव्या पंखावर वाळत घातलेला पंचा. चांगला निथळून, नीट पसरून, वाऱ्याने उडू नये म्हणून टोकाला अडकवलेला. मी ह्यांना तिथेच म्हटलं, की एवढ्या वर्षांत या अवयवाचा पहिला खरा उपयोग मला दिसला. ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. ते दिव्यावरच्या पत्र्यात बोट खुपसत होते. बोट आरपार गेलं.

एक्सनरसाहेब, हे दिव्यावरच्या भुवईचं प्रकरण तुमच्याकडे नोंदवायलाच हवं. हेडलाइटच्या वर तुम्ही जो झोकदार पत्रा पुढे काढला आहे, त्याच्या आत एक पोकळी राहते. चाकाने उडवलेला चिखल तिथे जाऊन बसतो, ओला राहतो आणि पत्रा आतून खातो. कराडची काळी माती यात काही वेगळं करत नाही, डेट्रॉइटच्या बर्फावरचं मीठही तेच करत होतं. तुमच्या १९५७ च्या गाड्या घाईघाईने बाजारात आणल्या गेल्या, पाणी गळायचं, गंज चढायचा, आणि त्या एका वर्षाच्या कीर्तीपायी कंपनीचं नाव पुढे कित्येक वर्षं खराब झालं, हे तुमच्याच देशातले लोक लिहून गेलेत. जाहिरात मात्र सांगत होती की प्लिमथ घ्या, एकदम १९६० साल उजाडलंय. साल उजाडलं खरं, पत्रा तिथवर पोचला नाही.

गाडी आणायची कशी, तर टोइंगच्या सपाट ट्रकवर चढवून. पुढची चाकं जाम झालेली, म्हणून तिला शेपटीकडून ओढून वर घेतली. म्हणजे कराड ते पुणे ती उलटी आली, पंख पुढे आणि तोंड मागे. हे मुद्दाम सांगते, कारण मी पदार्थविज्ञान शिकवायचे, आणि तुमच्या कंपनीने पंखांबद्दल जे सांगितलं ते मी वाचलेलं आहे. आडवा वारा आला की हे पंख गाडी सरळ ठेवतात, स्टिअरिंग कमी सावरावं लागतं, विंड टनेलमध्ये चाचण्या घेऊन तसं दिसलं, वगैरे. तत्त्व चुकीचं नाही. बाणाच्या मागे पीस लावतात ते याचसाठी, वाऱ्याचा जोर गुरुत्वमध्याच्या मागे पडावा म्हणून. पण मग पंख पुढे ठेवून निघालेली गाडी वाऱ्याने भेलकांडली पाहिजे. खंबाटकीच्या घाटात वारा कसा सुटतो ते तुम्हाला माहीत नसेल, मला आहे. मी ट्रकमागे आमच्या गाडीत बसून नजर ठेवून होते. डॉज तसूभर हलली नाही. हलायची कशी, ती साखळदंडांनी बांधलेली होती. हलले ते बाकीचे. प्रत्येक गाडीवाला शेजारी येऊन वेग कमी करायचा, काच खाली करायचा आणि एका हाताने फोटो काढायचा. तुमच्या पंखांनी आडव्या वाऱ्यात स्थैर्य येतं की नाही ते सोडा, आसपासच्या रहदारीचं स्थैर्य जातं हे मी प्रत्यक्ष बघितलं.

तर माझी तक्रार अशी. तुम्ही ते पंख सुंदर दिसतात म्हणून लावलेत. मग सरळ तसं म्हणायला काय हरकत होती? वारा कशाला मध्ये आणलात?

मूळ पाप तुमचं नाही, हे कबूल. तुमच्या आधी जनरल मोटर्सच्या हार्ली अर्ल यांनी डेट्रॉइटजवळच्या तळावर लॉकहीडचं पी-३८ विमान पाहिलं, त्याच्या दोन शेपट्यांच्या प्रेमात पडले, आणि १९४८ च्या कॅडिलॅकच्या मागे दोन छोटे उंचवटे उगवले. त्यांनी निदान वाऱ्याचं निमित्त काढलं नाही. तुम्ही ते उंचवटे खरोखरीचे पंख केलेत. असे केलेत की १९५६ मध्ये जनरल मोटर्सचा तरुण डिझायनर चक जॉर्डन याने क्रायस्लरच्या आवारात कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या तुमच्या नव्या गाड्या पाहिल्या, आणि जनरल मोटर्सला १९५९ च्या गाड्यांची आखणी मोडून नव्याने करावी लागली. त्यातून निघाली ५९ ची कॅडिलॅक, सर्वांत उंच पंखांची, पावणेएकोणीस फूट लांब. पुढे राल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकात त्या टोकदार पंखांवर आदळून माणसं कशी जखमी झाली आणि मेली, तेही नोंदवलं. म्हणजे ज्या अवयवाने गाडी सुरक्षित होते म्हणून तुम्ही सांगत होतात, त्याची गणना धोक्यांत झाली. सुंदर म्हणून मिरवला असता तर एवढा तोंडावर आपटला नसता.

पण तुमचं बघून आमच्याकडेही निमित्तांचा सुकाळ झाला आहे. हे सांगतात, ही गुंतवणूक आहे. कसली गुंतवणूक? मागच्या दिव्याची एक काच गेली आहे, तिच्यासाठी चोर बाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घालून झाला. जिथे जन्मली तिथेच तिचे अवयव भंगारात शोधायचे. काच मिळाली नाही. मिळालं ते दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचं हँडल, तेही गुंतवणूक म्हणून घरी आलं. क्रोमवाला म्हणतो बंपरला आधी तांबं चढवावं लागेल, मिस्त्री म्हणतो भुवईचा पत्रा कापून नवा ठोकावा लागेल, आणि मधल्या मालकाने पेट्रोलचं सहा सिलिंडरचं इंजिन काढून पर्किन्सचं डिझेल बसवलेलं आहे ते वेगळंच. गाडी सुरू केली की खालच्या मजल्यावरचे काका मोटार पंप बंद करायला धावतात.

सरकारही मागे नाही. आमच्या केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी नियम केले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात व्हीए ही अक्षरं. झकास. पण अशी गाडी रोज वापरायची नाही. रस्त्यावर आणायची ती प्रदर्शनासाठी, तांत्रिक संशोधनासाठी, व्हिंटेज रॅलीसाठी, दुरुस्तीसाठी आणि इंधन भरण्यासाठी. शेवटचं कारण मी दोनदा वाचलं. म्हणजे डिझेल भरायला पंपावर जाता येईल, परत येता येईल, आणि जाण्यायेण्यात संपलेलं भरायला पुन्हा जाता येईल. ह्यांना तो नियम इतका आवडला की त्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. शिवाय गाडीच्या सांगाड्यात आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत अशीही अट आहे, म्हणून आता मूळचं फ्लॅटहेड इंजिन शोधणं हे तांत्रिक संशोधन सुरू आहे. मी विचारलं, "आणि नुसतं भाजी आणायला?" तर म्हणाले, "भाजीचं प्रदर्शन कर."

घरात एकच व्यक्ती निमित्त सांगत नाही, त्या म्हणजे सासूबाई. त्यांना खुर्ची आणून दिली, त्या गाडीमागे बसल्या, पंखावरून हात फिरवला. लग्नानंतर दादरहून गिरगावात जाताना असल्या टॅक्सीत बसल्याचं त्यांना आठवतं. मी विचारलं, काय वाटतं? म्हणाल्या, "छान दिसते. उगीच पैसे घातलेत, पण छान दिसते." बस्स. विंड टनेल नाही, परतावा नाही, वारसा नाही.

वारसा म्हटल्यावर तुमच्याच एका बहिणीची, म्हणजे आमच्या डॉजच्या सख्ख्या बहिणीची गोष्ट सांगते. तुम्ही हयात असताना ती अर्धीच घडली होती. १५ जून १९५७ ला ओक्लाहोमातल्या टल्सा गावाने एक कोरी करकरीत प्लिमथ बेल्व्हेडेर कोर्टासमोरच्या हिरवळीखाली काँक्रीटच्या तळघरात पुरली. पन्नास वर्षांनी काढायची आणि २००७ साली गावाची लोकसंख्या किती असेल याचा सर्वांत जवळचा अंदाज ज्याने केला त्याला द्यायची. तळघर असं की म्हणे अणुबाँबलाही दाद देणार नाही. तोवर पेट्रोल जगातून नाहीसं झालं तर पंचाईत नको म्हणून पेट्रोलचा डबा पुरला, बिअरही ठेवली. जून २००७ मध्ये लोक हजारोंनी जमले. तळघरात पाणी शिरलेलं होतं. अणुबाँबला न घाबरणाऱ्या काँक्रीटला साध्या पाण्याने गाठलं आणि बाहेर आली ती प्लिमथच्या आकाराची गंजाची ढेप. अंदाज जिंकणारा गृहस्थ १९७९ मध्येच वारलेला. गाडी त्याच्या वारसांकडे गेली. पेट्रोल मात्र जगात मुबलक होतं, फक्त त्या गाडीला नको होतं. फोटो पाहिलेत मी. चिखलाने माखलेली, बसकी झालेली, आणि मागे ते दोन पंख तसेच ताठ. मला वाटतं, लोक तेच बघायला आले होते. भविष्यकाळ बघायला कोण रांगेत उभं राहतं?

आणि तुमची ती नॉर्समन. तुम्ही आखलेली, इटलीत घिया कंपनीने हाताने घडवलेली, एकच एक. जुलै १९५६ मध्ये ती अमेरिकेला येत होती आंद्रेआ दोरिया बोटीवरून, आणि बोट नॅनटकेटजवळ टक्कर होऊन बुडाली. गाडी अजून समुद्राच्या तळाशी आहे. हे आमच्या घरी सांगू नका. पाण्याखालून गाडी वर काढणं हे दुरुस्तीत मोडतं की तांत्रिक संशोधनात, याचा विचार इथे लगेच सुरू होईल.

तुमच्या देशात पंखांचं वेड फार टिकलं नाही. साठचं दशक आलं, पंख छाटले गेले, तुमचीही खुर्ची गेली. तेव्हाच्या बिनपंखी गाड्यांना तुम्ही पिसं उपटलेली कोंबडी म्हणायचात असं सांगतात. आमच्या मागच्या सीटवरून उठवलेल्या कोंबडीला हे ऐकून बरं वाटलं असतं. १९६४ नंतर कॅडिलॅकनेही पंख सोडले. पण कुर्ल्याने सोडले नाहीत, साहेब. तिथे फियाट ११०० निघाली, तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, आणि तिच्या मागच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी बारीकशी कड वर उचललेली होती. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या मागे सिग्नलला उभं राहून ती कड आम्ही जन्मभर पाहिली, तिला कुणी पंख म्हटलं नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली ऑक्टोबर २०२३ मध्ये. अमेरिकेत तुमचे पंख गेल्यावर जवळजवळ साठ वर्षं मुंबईत ते भाडं मारत होते, मीटरने, आणि त्यांनी वाऱ्याबद्दल एकदाही काही दावा केला नाही.

आता तातडीचं. पुढच्या व्हिंटेज रॅलीचा अर्ज आमच्या टेबलावर आहे. गाडी अजून स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर गेलेली नाही, तरी अर्ज आणलेला आहे. त्यात ‘गाडीचे वैशिष्ट्य’ असा रकाना आहे. मी लिहिलं, ‘मागचे पंख. उपयोग काही नाही.’ ह्यांनी ते खोडून वर लिहिलं, ‘आडव्या वाऱ्यात स्थैर्य.’ मी ते खोडलं. रकान्यात जागा संपली आहे आणि दुसरा अर्ज मागवायचा तर शंभर रुपये पडतात, तेही त्यांच्या मते गुंतवणुकीतच. तुम्ही उत्तर देणार नाही हे गृहीत धरून मी समासात माझंच वाक्य पुन्हा लिहिलं आहे, या वेळी बॉलपेनने.

कळावे, लोभ असावा.

आपली,
निवृत्त पदार्थविज्ञान शिक्षिका, पुणे

ता. क. उजव्या मागच्या दिव्याची काच कुणाकडे असल्यास ह्यांना न सांगता मला कळवावी. लावून टाकीन म्हणते. एका बाजूनेच लाल दिसतं, ते बरं दिसत नाही.