लोहगावच्या विमानांचा हिशेब द्या

खराडीत राहणाऱ्याला विमानाच्या आवाजाचं काही वाटत नाही. लोहगावचा तळ हवाई दलाचा, आणि त्याच धावपट्टीवरून आपणही दिल्ली-बंगळूरला जातो. जून 2025 पासून मात्र वर्तमानपत्रांत पुन्हा पुन्हा एक बातमी येत राहिली. मुंबई परिसरात बांगलादेशी म्हणून पकडलेल्यांना पुण्यात आणतात, इथून विमानाने ईशान्येला नेतात आणि सीमा सुरक्षा दलाच्या ताब्यात देतात. या बातम्यांचा आधार बहुतेक वेळा एकच असतो, नाव न सांगणारा अधिकारी.

मग विचारायलाच हवं. अशी किती विमानं गेली? त्यांत किती माणसं होती? आणि प्रत्येकाला पाठवण्याच्या आदेशावर सही कुणाची होती?

बेकायदा आलेल्या माणसाला परत पाठवण्याचा अधिकार सरकारला आहे आणि तो असायलाच हवा. पण एसटीच्या कंडक्टरलाही फेरीगणिक वेबिल भरावं लागतं. माणसाला देशाबाहेर काढणाऱ्या फेरीचा हिशेब त्याहून चोख हवा, आणि तो सगळ्यांना पाहता यायला हवा.

कारण चूक होते. मीरा रोडला गवंडीकाम करणाऱ्या मुर्शिदाबादच्या एका माणसाला जून 2025 मध्ये पोलिसांनी उचललं. तो भारतीय असल्याची कागदपत्रं घरच्यांनी आणि पश्चिम बंगालच्या अधिकाऱ्यांनी पाठवली. तरीही पकडल्यापासून आठवडाभराच्या आत, 14 जूनच्या पहाटे, त्याला सीमेपलीकडे ढकललं गेलं. तिथल्या एका गावातून त्याने घरी फोन केला, तेव्हा कुठे घरच्यांना पत्ता लागला. बंगाल सरकारने हालचाल केली म्हणून तो आणि महाराष्ट्रातूनच पकडलेले आणखी काही जण परत आले. फोन लागला नसता तर? घरच्यांनी कोणत्या कार्यालयात जाऊन, कोणती यादी बघायची होती?

त्याच्या आदल्याच महिन्यात, मे 2025 मध्ये, केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना दिलेल्या सूचनांची बातमी आली होती. संशयित माणूस आपण अमुक राज्याचा असं म्हणाला, तर त्या राज्याने 30 दिवसांत पडताळणी करावी, असं त्यात होतं. परत पाठवायच्या लोकांची यादी सार्वजनिक पोर्टलवर टाकावी, असंही त्याच बातमीत होतं. म्हणजे पारदर्शकता ही चळवळ्यांनी काढलेली टूम नाही. सरकारला स्वतःलाच ती सुचली होती. ती अमलात आणा, एवढंच मागणं आहे. गवंड्याच्या वाट्याला तर 30 दिवसांतला एक आठवडाही आला नाही.

हे मीरा रोडचं झालं, आपल्याला काय, असं खराडीत कुणी म्हणू नये. 26 जुलै 2025 च्या रात्री शेजारच्या चंदननगरात एका घराचं दार ठोठावलं गेलं. कारगिलमध्ये लढलेल्या माजी सैनिकाचं ते कुटुंब, आणि तो दिवस कारगिल विजय दिनाचा. जमावासोबत पोलीस आले, भारतीय असल्याचा पुरावा मागितला, पुरुषांना मध्यरात्री ठाण्यात नेलं, अशी कुटुंबाची तक्रार. माहिती मिळाली म्हणून कागद तपासले, जमाव आमच्यासोबत नव्हता, असं पोलिसांचं म्हणणं. या कुटुंबामागे लष्करातली नोकरी होती, म्हणून देशभर आवाज उठला. खराडीचे टॉवर बांधणाऱ्या सेंट्रिंगवाल्यामागे, बिगाऱ्यामागे कोण आहे? त्याच्याकडे असतं मोबाइलच्या कव्हरमागे घडी घालून ठेवलेलं आधारचं झेरॉक्स. आणि तो एखाद्या सकाळी साइटवर आला नाही, तर मुकादम संध्याकाळपर्यंत दुसरा माणूस लावतो.

कायदाही त्याच्या बाजूने फार उभा राहत नाही. 1 सप्टेंबर 2025 पासून नवा इमिग्रेशन कायदा लागू झाला. 1946 च्या जुन्या कायद्यातली मेख त्यात कायम आहे: आपण परदेशी नाही हे ज्याचं त्याने सिद्ध करायचं. सिद्ध करायचं ओझं माणसावर टाकलंत, तर त्यासाठी वेळ, वकील आणि घरी एक फोन एवढं तरी त्याला द्या. अटकेनंतर 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करण्याची हमी घटनेचं कलम 22 परदेशी माणसालाही देतं. शत्रुराष्ट्राच्या नागरिकाचा आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेचा तेवढा अपवाद आहे.

आपल्या माणसांचा प्रश्न असतो तेव्हा हिशेब कसा पटकन मिळतो, तेही पाहा. 5 फेब्रुवारी 2025 ला अमेरिकेचं लष्करी विमान 104 भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला उतरलं. त्यात महाराष्ट्राचे 3 आहेत, हे आपल्याला त्याच दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी 2009 पासूनचे वर्षवार आकडे राज्यसभेत ठेवले. 2024 चा आकडा 1368. अमेरिकेत इमिग्रेशन कोठडीतल्यांची आकडेवारी सरकारला नियमित प्रसिद्ध करावी लागते. शिवाय टॉम कार्टराइट नावाच्या निवृत्त बँक अधिकाऱ्याने 2020 पासून अशा विमानांची फेरीन्‌फेरी टिपून लोकांसमोर ठेवली. त्या बेड्या पाहून आपण संतापलो, आणि ते योग्यच होतं. मग लोहगावहून सुटणाऱ्या विमानाबद्दल गप्प का?

सुरक्षेचं कारण पुढे केलं जाईल. सीमा सुरक्षा दल माहिती अधिकारातून वगळलेलं आहे, हेही खरं. पण मानवी हक्कभंगाच्या तक्रारीची माहिती त्या सवलतीत बसत नाही. पोलिसांना तर ती सवलत सरसकट नाहीच. याच कायद्याच्या कलम 7 प्रमाणे जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती 48 तासांत द्यावी लागते.

राज्याच्या गृहखात्याने दर महिन्याला एक पान प्रसिद्ध करावं. कोणत्या ठाण्याने किती जणांना धरलं, किती जण पडताळणीत भारतीय निघाले, किती जणांना कुणाच्या आदेशाने कोणत्या तारखेला पाठवलं आणि चुकून पाठवलेले किती परत आणले. त्यात कुणाचं नाव नको, विमानाची वेळ नको. सोबत एक फोन नंबर हवा, जिथे घरच्यांना आपला माणूस कुठे आहे हे विचारता येईल. वडगाव शेरीचे आमदार आणि पुण्याचे खासदार यांनी येत्या अधिवेशनात एवढा एक प्रश्न लावून धरावा. विमानतळ त्यांच्याच हद्दीत आहे.