पुढे काढलेल्या खिडकीची ओल: निदान, उपचार आणि गृहस्वामीची कर्तव्ये

पुढे काढलेली खिडकी, म्हणजे तीन बाजूंनी भिंतीबाहेर येणारी आणि आत बसायला ओटा देणारी खिडकी, ही बालाघाट जिल्ह्यातल्या किरनापूरकडची अलीकडची हौस असून कवेलूच्या, म्हणजे मातीच्या कौलांच्या, जुन्या घरांत तिला थारा नव्हता. तेथे छपराची वळचण इतकी पुढे असे की पावसाला भिंत गाठणे अवघड जाई. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बालाघाट मध्य प्रदेशात राहिले आणि शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला, तरी पावसाची वाटणी काही झाली नाही. तो वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पडत असल्याने खिडकीखालची भिंत भिजण्यात आश्चर्य काहीच नाही. आश्चर्य दिसते ते गृहस्वामीच्या चेहऱ्यावर, आणि तेही दरवर्षी.

ओलीच्या शास्त्राचा पहिला नियम तो निष्ठेने पाळतो: डाग दिसताच त्यावर कॅलेंडर टांगावे, डाग कॅलेंडराबाहेर आला की कपाट सरकवावे, आणि व्याही येणार असल्यास पुट्टी, म्हणजे भिंत गुळगुळीत करणारा पांढरा लेप, फासून वर रंग द्यावा. दिवाळीचा हा रंग होळीपर्यंत पापुद्रे धरतो, खालून लोणा, म्हणजे विटांतले क्षार पाण्याबरोबर वर येऊन सुकल्यावर उरणारी भुकटी, झडू लागतो, आणि गृहस्वामी रंगाला नावे ठेवतो. मिस्त्रीही गंभीरपणे मान डोलावतो. पुढच्या दिवाळीचे काम त्याला दिसत असते.

दुसरा नियम, पाणी येते कोठून ते आधी पाहावे. हा कोणी पाळत नाही.

वास्तविक डाग जमिनीपासून चढत साधारण मीटरभरावर थांबला असेल तर पाणी पायातून येते, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून खाली ओघळला असेल तर खिडकीखालच्या बाहेरच्या पाटीला उतार नाही किंवा काँक्रीट व विटांच्या सांध्याला तडा आहे, असे समजावे. हे दोन पदार्थ उन्हात सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून तेथे गिलाव्याखाली चिकन जाळी, म्हणजे खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी, हवी. खिडकीवरच्या छज्ज्याच्या पोटाला, कडेपासून थोडे आत, बोट जेमतेम मावेल अशी खाच असावी लागते, कारण छज्ज्याखालून भिंतीकडे सरकणारे पाणी त्या खाचेपाशी थेंब होऊन गळते. गिलावा ओला असताना लाकडी पट्टी दाबली की झाली खाच! खिडकीच्या जाळीच्या नक्षीवर आठवडाभर खल करणाऱ्या घरात एवढी पट्टी कोणाला सुचत नाही.

उन्हाळ्याच्या तापावर उपाय म्हणून ओल्या भिंतीवर थर्मोकोल आणि प्लायवूड ठोकणे म्हणजे उधईला, म्हणजे वाळवीला, पोसणे होय. आधी डागाच्या पुढे फूटभर गिलावा खरवडावा, भिंत सुकू द्यावी, मग वाफ बाहेर सोडणारा चुन्याचा गिलावा करावा. सुकण्याचा ढोबळ हिशोब महिन्याला एक इंच असा असल्याने नऊ इंची भिंतीला नऊ महिने लागतात, आणि पाऊस ऑक्टोबरात जाऊन जूनच्या मध्यावर परततो. दोन्ही बाजू उघड्या ठेवल्या तरच हा हिशोब जमण्याची आशा असते.

तथापि खिडकी बुजवा, असे सांगण्याचे धाडस या शास्त्राला होत नाही, कारण आषाढात समोरच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, रोवणी चाललेली असताना त्या ओट्यावर चहा घेत बसलेला गृहस्वामी खरोखर सुखी दिसतो. पाहुण्याला मात्र लोड द्यावा. भिंतीला टेकलेला पाहुणा उठला की सदऱ्याच्या पाठीवर लोणा आणि नव्या पुट्टीचा नमुना घेऊन जातो, आणि व्याह्यांच्या घरी तो सर्वांना दाखवला जातो.