फुगा, बाण आणि पंचनामा

मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेले आमचे मामा ज्या वर्षी दिवाळीस साताऱ्याला आमच्याकडे आले, त्या वर्षी परसातल्या पेरूला दोऱ्याने बांधलेला हायड्रोजनचा फुगा जमिनीवरून सोडलेल्या बाणाने पेटविता येतो किंवा कसे, या प्रश्नाची चौकशी रीतसर सुरू झाली; आणि चौकशी म्हटली की दप्तर आलेच, म्हणून मामांनी माझ्या भूमितीच्या वहीचा कोरा उत्तरार्ध जप्त करून तीवर 'फुगे व बाण, रुमाल पहिला' असे मोडी वळणाच्या अक्षरांत लिहिले.

मूळ कल्पना माझी, परंतु तिला प्रतिष्ठा प्राप्त झाली ती मामांच्या वाचनामुळे. 1785 च्या जून महिन्यात पिलात्र द रोझिए नावाचा फ्रेंच गृहस्थ इंग्लिश खाडी ओलांडण्याच्या ईर्ष्येने, वर हायड्रोजनचा गोल आणि त्याच्याखाली उष्ण हवेसाठी धगधगती शेगडी, अशा अजब फुग्यात बसून निघाला व साथीदारासह कोसळून प्राणास मुकला, ही हकीकत सांगून झाल्यावर कोणताही वडीलधारा माणूस भाच्याला चार उपदेशाचे शब्द ऐकविता, मामांनी मात्र चष्मा पुसत एवढेच म्हटले, "घात शेगडीनेच केला की आणखी कशाने, याबद्दल जाणत्यांत एकमत नाही. म्हणजे मुद्दा शाबीत झालेला नाही. आपण करू."

तो शाबीत होण्याच्या आड आला वारा. बाण आकाशात सरळ जातो हा समज ज्यांनी तो कधी नेम धरून सोडलेला नाही त्यांचाच असतो. त्याची लांब काडी वाऱ्याने मागे लोटली जाते आणि पोटातली दारू जळत असेपर्यंत तो हट्टी जनावराप्रमाणे वाऱ्याच्याच दिशेला तोंड करून धावतो. उलट फुगा त्याच वाऱ्याला पाठ देऊन दोऱ्याच्या टोकाशी नेमका दुसऱ्या अंगाला कलतो. वाऱ्याची झुळूक एकच, पण वादी पूर्वेस आणि प्रतिवादी पश्चिमेस! शिवाय हायड्रोजन इतका सूक्ष्म की रबरातूनही झिरपतो. संध्याकाळी पेरूच्या शेंड्यावर डौलाने डुलणारा फुगा सकाळी तुळशीवृंदावनाशी सुरकुतलेल्या तोंडाने लोळताना सापडे, आणि वहीत शेरा पडे : 'फुगा नग एक, सुनावणीस नादुरुस्त. सबब तहकूब.'

नरकचतुर्दशीच्या पहाटे मात्र प्रकरणाने गंभीर वळण घेतले. बाण लावण्याची बाटली ओल्या मातीत कलंडली, उदबत्ती तर वातीला लागून चुकली होती, आणि जो बाण पेरूकडे जावयाचा तो अंगणाला समांतर असा फुत्कारत, केळीच्या आळ्याला वळसा घालून, थेट न्हाणीघरात शिरला. तेथे सर्वांगाला तेल-उटणे लावलेले आमचे तीर्थरूप पाटावर बसून बंबातले पाणी उपसत होते. आत काय घडले ते मी पाहिले नाही. तांब्याचा आवाज ऐकला, नंतर बाण पाण्यात विझल्याचा सुस्कारा ऐकला, आणि मग दाराच्या फटीतून अर्धे पिवळे, अर्धे काळवंडलेले असे एक मुख बाहेर आले. त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही. "तुमचे वय काय?" एवढेच त्याने मामांना विचारले.

"दप्तरी नोंदीप्रमाणे सत्तावन्न," मामा अदबीने म्हणाले.

प्रयोगबंदीचा हुकूम त्याच क्षणी सुटला. त्यात पळवाट काढण्याइतकी नोकरी मामांनी केली होती : हुकूम तोंडी होता, त्यावर तारीख नव्हती. भाऊबीजेच्या संध्याकाळी आईने त्यांना ओवाळले, ओवाळणीही पडली, आणि झाडाचे पान हालत नाही असे पाहून आम्ही दोघे मुकाट्याने परसात गेलो. दोन आण्यांचा ताजा फुगा, शिलकीतला अखेरचा बाण. तो गेला, आणि काय आश्चर्य, लागला! मामांनी दोन्ही कान घट्ट झाकून घेतले होते. 1937 साली लेकहर्स्टला जळालेल्या 'हिंडेनबुर्ग' या जर्मन वायुनौकेची चित्रे त्यांनी मला इतक्यांदा वर्णन करून सांगितली होती की निदान शेजारच्या आळीची कौले तरी उडणार, अशी माझी खात्री होती. प्रत्यक्षात पेरूच्या शेंड्याशी टोपलीएवढा तांबूस गोळा क्षणभर फुलला, 'भप्प' झाले, आणि जळक्या रबराचा वास तेवढा खाली उतरला. हवेत आधी मिसळलेला हायड्रोजन गडगडतो, फुग्यात निर्भेळ कोंडलेला नुसता जळून जातो, हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते.

"कोण रे शिंकलं?" आईने स्वयंपाकघरातून विचारले.

मामांनी कानांवरचे हात सावकाश काढले, कंदिलाच्या उजेडात पंचनामा लिहिला आणि पंच म्हणून तिचीच सही घेतली. 'आवाज : शिंकेइतका' या शब्दांखाली तिच्या पिठाच्या बोटाचा ठसा उमटला.

दुसऱ्या दिवशी मामा गावी परतले आणि ती वही, अर्ध्या सहामाहीच्या प्रमेयांसकट, त्यांच्या ट्रंकेतून गेली. ती परत मिळावी म्हणून मी धाडलेला विनंतीअर्ज आठवड्याने परत आला. वर शेरा होता : 'कोर्ट-फी स्टॅम्प नाही.'