बैल जाण्याआधीचा झोपा

जुलै २०२२ च्या अखेरीस बालीहून ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला उतरलेल्या एका प्रवाशाला न खाल्लेला नाश्ता २,६६४ ऑस्ट्रेलियन डॉलरना पडला. नाश्ता काही शाही नव्हता. अंडं आणि बीफ सॉसेज घातलेले दोन मॅकमफिन आणि जोडीला हॅमचं एक क्रॉसाँ. हे जिन्नस जाहीर केलेले नव्हते आणि झिंटा नावाच्या सरकारी कुत्र्याला त्यांचा वास लागला. कृषिमंत्री मरे वॉट यांनी दंडाची जाहीर पाठराखण केली आणि ऐवज नष्ट करण्याची व्यवस्था झाली. एका बाजूला सार्वभौम राष्ट्र, त्याचा २०१५ चा जैवसुरक्षा कायदा, मंत्री आणि श्वानपथक. दुसऱ्या बाजूला गार पडलेला पाव. अभिमन्यूनंतर इतकी विषम लढाई पाहण्यात नाही.

अशा विनोदांना तोटा नाही. ब्रेक्झिटनंतर जानेवारी २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या हुक ऑफ हॉलंड बंदरावर ब्रिटनहून आलेल्या चालकांची हॅम सँडविचं जप्त होऊ लागली. हॅम काढून घ्या, निदान पाव तरी ठेवू द्या, अशी एकाने विनवणी केली. तीही फेटाळली गेली. त्याच युरोपीय संघाचा मासळीचा नियम वाचण्यासारखा आहे. प्रवाशाने २० किलो मासळी आणावी किंवा एक मासा आणावा, दोहोंत जे जड भरेल ते. म्हणजे दीड क्विंटलचा ट्यूना खांद्यावर मारून आलेल्या गृहस्थाला वाट मोकळी, आणि चीज सँडविचवाला बाजूला उभा. एप्रिल २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या विमानतळावर भारतातून आलेल्या एका बॅगेत दोन गोवऱ्या सापडल्या, त्याही अमेरिकी अधिकाऱ्यांनी नष्ट केल्या. बर्फी आणि गुलाबजाम आणू नका, असं ऑस्ट्रेलिया दिवाळीच्या सुमारास आवर्जून बजावतो. आपल्याकडे पास झाल्याची बातमी पेढ्याशिवाय अधिकृत होत नाही. तिकडे तोच पेढा जैविक धोका ठरतो.

पोटभर हसून झालं की एक म्हण आठवावी. बैल गेला आणि झोपा केला. गोठ्याचं दार उशिरा लावणाऱ्याची मराठीने कायमची टिंगल करून ठेवली आहे. वेळेवर दार लावणाऱ्याच्या वाट्याला मात्र म्हण येत नाही, कारण त्याच्या गोठ्यात सांगण्यासारखं काही घडतच नाही. बैल दावणीला रवंथ करत बसलेला असतो, आणि येता-जाता दाराला डोकं आपटणारा पाहुणा विचारतो, ही ब्याद इथे कशाला? सीमेवरच्या या नियमांचं दुखणं हेच आहे. ते यशस्वी झाले की हास्यास्पद दिसतात, आणि शहाणपणाचे वाटू लागतात ते दावण रिकामी झाल्यावर.

झोपा नसला की काय होतं, याचा पाठ ब्रिटनने २००१ मध्ये गिरवला. इंग्लंडच्या ईशान्येला हेडन-ऑन-द-वॉल या गावाजवळच्या एका वराहपालन केंद्रात डुकरांना उपाहारगृहांचं खरकटं नीट न उकळता घातलं जात होतं. त्यात चोरवाटेने देशात आलेलं मांस असावं, असा तपासाचा निष्कर्ष. रोग होता आपल्या ओळखीचा, लाळ्या-खुरकूत. फेब्रुवारीत एसेक्समधल्या कत्तलखान्यात आलेल्या डुकरांवरून तो ध्यानात आला, तोवर मेंढ्यांच्या बाजारांतून तो देशभर पांगला होता. ६० लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली, सुमारे ८०० कोटी पौंडांचा फटका बसला आणि ३ मेच्या स्थानिक निवडणुका ७ जूनवर ढकलल्या गेल्या. निवडणूक लांबवणं भल्याभल्या पक्षांना साधत नाही. ते खरकट्याच्या बादलीने करून दाखवलं. या विषाणूचा पॅन-एशिया नावाचा वाण प्रथम १९९० मध्ये उत्तर भारतात आढळला होता. व्हिसाच्या रांगेत उभं न राहता लंडनजवळ पोहोचलेला हा आपला बहुधा एकमेव प्रतिनिधी. हा इतिहास ठाऊक असलेल्या ऑस्ट्रेलियाच्या शेजारी, इंडोनेशियात, मे २०२२ मध्ये तोच रोग उपटला आणि जुलैत बालीत पोहोचला. ऑस्ट्रेलियाने तो १८७२ नंतर पाहिलेला नाही. मोठी साथ आली तर दहा वर्षांत ८,००० कोटी डॉलर बुडतील, असा तिथला सरकारी अंदाज आहे. त्या आकड्याशेजारी २,६६४ डॉलर ठेवून पाहिले की नाश्ता स्वस्तात पडला असं वाटू लागतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. आम्ही काय तिकडच्या गाईला पेढा भरवणार आहोत? नाही भरवणार. ते काम कचऱ्याचा डबा करतो. अर्धं खाल्लेलं डब्यात, डब्यातलं उकिरड्यावर, उकिरड्यावरचं डुकराच्या तोंडात, एवढाच तो प्रवास. आफ्रिकन स्वाइन फीवर २००७ मध्ये जॉर्जियात शिरला तो पोटी बंदरात जहाजांवरून उतरवलेल्या खरकट्यातून, असं मानलं जातं. २०१८ मध्ये तो चीनमध्ये होता आणि २०२० मध्ये आसामात. दुसरा आक्षेप गृहिणींचा आणि म्हणून अधिक वजनदार: दूध उकळलेलं असतं, खवा आटवलेला असतो, मग विषाणू उरतोच कुठे? आक्षेपात तथ्य आहे, उष्णतेने विषाणू मरतो. पण लाळ्या-खुरकुताच्या गाईच्या तोंडात फोड दिसण्याच्या आधीच तिच्या दुधात विषाणू उतरू लागतो, आणि नेहमीच्या पाश्चरीकरणाने तो संपूर्ण नष्ट होईल याची हमी नसते. खवा किती तापला, किती वेळ घोटला, हे पेढा स्वतः सांगत नाही. विमानतळावरच्या माणसासमोर फक्त खोकं असतं. त्याने प्रत्येक आईच्या हातावर विश्वास ठेवायचा म्हटलं तर नियमाची गरजच नाही, कारण सदोष आई जगात कुठेच नसते.

तिसरा आक्षेप खरा बोचरा आहे. रोगाचं नाव पुढे करून परक्याचा माल अडवायचा, हा व्यापाराचा जुना डाव नव्हे काय? आहे. पुरावा लांब शोधायला नको. बर्ड फ्लूच्या कारणावरून भारताने अमेरिकी कोंबड्यांना दार बंद केलं, आणि जून २०१५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत हा खटला आपण अंतिमतः हरलो. घरात साथ आली की बंदी काही किलोमीटरच्या वर्तुळापुरती, त्यांच्याकडे आली की अख्खा देश बंद. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे तत्त्व जिनिव्हात टिकलं नाही. दुधाच्या बाबतीत तर आपण आणखी पुढे आहोत. आयात दुधाच्या गाईने जन्मात कधी मांसजन्य खाद्य चाखलेलं नाही, असा दाखला आपण मागतो. आपल्या गोवऱ्या तपासल्या की भावना दुखावतात, आणि त्यांच्या गाईच्या मात्र आयुष्यभराच्या जेवणाचा हिशेब हवा. गंमत अशी की मांस-हाडांचा भुगा गुरांना चारल्यानेच ब्रिटनमध्ये मॅड काऊचा रोग फैलावला होता. म्हणजे या दाखल्यामागे शास्त्रही उभं करता आलं असतं, आपण श्रद्धा उभी केली. तेव्हा डाव चालतो म्हणून नियम मोडीत काढायचा नसतो, त्याच्याकडे पुरावा मागायचा असतो. रोग कुठे आहे, कोणत्या वस्तूतून येतो, आणि घरच्या मालाला तोच न्याय आहे का? या तीन प्रश्नांपुढे मासळीची वेडगळ सवलतही तरते, कारण माशाला खूरही नसतं आणि लाळ्या-खुरकूतही होत नाही.

मात्र नियम प्रश्नांना उतरला तरी तो लावताना बलवान देशही अडखळतात. ब्रिटनने स्वतः युरोपातून येणाऱ्या प्रवाशांचं गाय-मेंढी-डुकराचं मांस आणि चीज एप्रिल २०२५ मध्ये सरसकट बंद केलं; तेव्हा जर्मनी, हंगेरी आणि स्लोव्हाकियात लाळ्या-खुरकूत आढळला होता. पण त्याच ब्रिटनच्या डोव्हर बंदरात व्हॅनमधून येणारं बेकायदा मांस टनांच्या हिशेबाने पकडलं जातं, आणि जे पकडलं जात नाही त्याचं वजन कोण करणार? पिशवी हुंगणारा कुत्रा असावा, पण व्हॅन उघडणारा माणूसही असावा. फक्त उंदरापुरता लावलेला झोपा बैल चोरणाऱ्याला आडवा येत नाही.

२०२२ मध्येच महाराष्ट्रात गुरांमध्ये लम्पीची साथ पसरली आणि जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. गाय दारात असलेल्या कोणाला तेव्हा या बंदीत विनोद दिसला नाही. विनोद दिसायला गोठ्यापासून बरंच अंतर लागतं, साधारण विमानतळाइतकं. डार्विनचा तो मॅकमफिन निर्दोष असेलही; त्याची बाजू मांडायला तो आता हयात नाही. त्या मुलखातल्या गाई मात्र हयात आहेत, आणि आपण कशातून वाचलो, किंवा वाचलो की नाही, याची त्यांना गंधवार्ता नाही. त्या रवंथ करताहेत. वेळेवर लावलेल्या झोप्याला याहून ठळक प्रशस्तिपत्र मिळत नसतं.