टूलरूमवाले काका

पुण्यात बंगल्याच्या गॅरेजमध्ये गाडी ठेवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. कुणी तिथे झेरॉक्सचं दुकान काढतं, कुणी पोळीभाजी केंद्र, कुणी दहावीचे क्लास. ज्यांना भाडेकरूची धास्ती वाटते ते इन्व्हर्टरच्या मेलेल्या बॅटऱ्या, तळाशी बोटभर रंग उरलेले डबे, धाकट्याची तीनचाकी आणि जुनी मखरं आत कोंबतात आणि शटर ओढून घेतात. गाडी बाहेर, कावळ्यांच्या हवाली.

टूलरूमवाल्या काकांची गाडीही बाहेरच असते, पण कारण वेगळं. ती आत आणली तर टायरांबरोबर चिखल येईल आणि फरशीवरचा पिवळा पट्टा खराब होईल.

हे काका तुमच्याही गल्लीत आहेत. कोथरूडला, बिबवेवाडीला, निगडी प्राधिकरणात, कुठेही. आयुष्य भोसरी-पिंपरीकडच्या कारखान्यात मेंटेनन्स खात्यात गेलं. मधल्या काळात तिथे जपानी वारं आलं, त्याबरोबर ‘फाइव्ह एस’ आलं. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. म्हणजे नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, पुसा, सगळीकडे तीच रीत लावा, आणि कुणी बघत नसतानाही ती पाळा. बाकीच्यांनी हे पाच शब्द ऑडिटपुरते पाठ केले. काकांनी दीक्षा घेतली. निरोप समारंभाच्या दुसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघरात शिरले. काकूंनी दुपारपर्यंत सहन केलं. मिसळणाच्या डब्यात हळदीच्या वाटीवर ‘हळद’ अशी चिठ्ठी दिसली, तेव्हा मात्र त्यांनी गॅरेजची किल्ली आणून काकांच्या हातात ठेवली. त्यामुळे काका निवृत्त झाले असं म्हणता येत नाही. त्यांची बदली झाली.

गॅरेज एकदा बघण्यासारखं आहे. समोरच्या भिंतीवर पांढरा रंग दिलेला प्लायवूड, त्यावर हातोडी, पक्कड, करवत, पाइप पाना, ज्याच्या त्याच्या खुंटीवर. प्रत्येकाच्या मागे त्याची काळी बाह्यरेषा काढलेली. याला कारखान्यात शॅडो बोर्ड म्हणतात. वस्तू उचलली की भिंतीवर नुसती तिची आकृती उरते, आणि काय गायब आहे ते फाटकातूनच कळतं. फळीच्या खालच्या अंगाला बरण्यांची झाकणं स्क्रूनं आवळलेली आणि त्यांत खालून फिरवून बसवलेल्या काचेच्या बरण्या: खिळे, चुका, वॉशर, रॉलप्लग. कोपऱ्यातल्या बादलीलासुद्धा जमिनीवर स्वतःचा पिवळा चौकोन आहे. त्यात ‘बादली’ असं लिहिलंय, पण बादली जागेवर असताना ते दिसत नाही.

डावी भिंत डोंगराची. तरुणपणी काका कंपनीतल्या टोळक्याबरोबर राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड पालथे घालायचे. सॅक जुन्या बाजारातली, पायात कॅनव्हासचे बूट. तेव्हा सामान कमी होतं आणि डोंगर जास्त झाले. आता उलटं आहे. या भिंतीचेही नियम आहेत. स्लीपिंग बॅग तिच्या आवळ पिशवीत ठेवायची नाही, आतलं भरण चेपतं आणि ऊब जाते. ती मोठ्या सुती खोळीत सैल ठेवायची. तंबू ओला गुंडाळायचा नाही, आतला लेप चिकट होतो आणि वास धरतो. टॉर्चमधले सेल काढून ठेवायचे, नाहीतर ते पाझरतात. दोर बॅटरीच्या आसपासही नको, आम्लानं नायलॉन खंगतो आणि बाहेरून पत्ता लागत नाही. हे सगळं अगदी खरं आहे, आणि काकांची खरी अडचण हीच आहे की त्यांच्याशी वाद घालता येत नाही.

यंदा पुतण्यानं लिंगाणा चढण्यासाठी तो दोर मागितला. काकांनी सामानाची वही उघडली. नायलॉनचा दोर न वापरताही फार तर दहा वर्षं धरायचा असतो, आणि ती मुदत संपली होती. काकांनी पुतण्यासमोरच दोराचे हातहातभर तुकडे केले, म्हणजे पुन्हा कुणी त्यावर लटकू नये. एकही कडा न बघता दोर सेवानिवृत्त झाला. पुतण्यानं दुसरा भाड्यानं आणला.

अवजार उसनं मागायला जाणं हा वेगळाच प्रसंग आहे.

“काका, ड्रिल मिळेल?”

“कशाला?”

“फोटो टांगायला भिंतीला भोक पाडायचंय.”

“भिंत कसली आहे?”

“पांढरी.”

काका चष्म्यावरून बघतात. विटेची की काँक्रीटची, भोक किती मिलिमीटरचं, आतून वायर गेली आहे का, फोटोचं वजन किती, या चौकशीत आपण नापास होतो. मग ते पितळी बिल्ला काढतात. कारखान्याच्या टूलरूममध्ये कामगार बिल्ला देऊन हत्यार न्यायचा. तो बिल्ला हत्याराच्या खुंटीवर लटकायचा. काकांनी गल्लीतल्या प्रत्येक घराच्या नावानं बिल्ले करून ठेवलेत. बिल्ला खुंटीवर चढतो, पण ड्रिल आपल्या हाती येत नाहीच. ड्रिलबरोबर काका येतात. भोकाखाली कागदाची चोच धरून धूळ झेलतात, लेव्हल लावून फोटो टांगतात आणि जाताना सांगतात, “फोटो सरळ आहे. तुमची भिंत वाकडी आहे.” आपण हे आयुष्यभर विसरत नाही.

काकूंनी या राज्यात आपला मार्ग काढलाय. नको असलेल्या वस्तूला लाल चिठ्ठी लावायची, महिनाभर कुणी विचारलं नाही तर ती भंगारात, अशी काकांची पद्धत. काकांनी शेवयांच्या यंत्राला लाल चिठ्ठी लावली. काकूंनी ती काढून मागच्या बाजूला वाणसामानाची यादी लिहिली. कागद जाड असतो, म्हणतात, पर्समध्ये चुरगळत नाही.

मे महिना काकांचा सुगीचा. पावसात गंज चढू नये म्हणून प्रत्येक अवजाराला शिलाई मशीनचं तेल लावतात. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या गल्लीतली मुलं त्यांना आणून देतात.

एवढ्या तयारीला तडा दिला तो सुतारानं. काकांकडे दाराचं काम करायला आला, तरटाची पिशवी जमिनीवर उपडी केली, आणि न बघता हात घालून हवं ते काढू लागला. काकांना ते दृश्य सोसवेना. त्यांनी भिंतीवरची पटाशी काढून, पुसून, पुढे केली. सुतारानं पात्यावरून अंगठा फिरवला आणि परत दिली. “धार नाय काका.” दुसऱ्या दिवशीपासून प्रत्येक पटाशीच्या मुठीवर चिठ्ठी आहे: धार लावल्याची तारीख, पुढची तारीख. मला विचाराल तर हे काकांचं मोठेपण आहे. दुसरा कुणी असता तर त्यानं सुतार बदलला असता.

सध्या मात्र गल्लीत वातावरण तंग आहे. पान्यांच्या रांगेत दहा-अकराची आकृती रिकामी आहे, आणि खुंटीवर बिल्लाही नाही. म्हणजे पाना न विचारता गेला. काकांची मुलगी म्हणाली, बोहरी आळीत शंभर-दीडशेत नवा मिळेल. काका म्हणाले, नवा आणला तर वहीत काय लिहू? परवा ते माझ्या स्कूटरच्या डिकीकडे नको तितका वेळ बघत उभे होते.

तेव्हा ज्यानं कुणी तो पाना नेला असेल त्यानं कृपा करून रात्री फाटकावरून आत टाकावा. नाव सांगायची गरज नाही. फक्त टाकण्याआधी पुसा.