गाडी कोणती?

घरी विमान बांधणाऱ्या माणसाला अमेरिकन सरकार फारसं अडवत नाही. निम्म्याहून जास्त काम हौशी हातांनी झालेलं असलं, तपासनीस येऊन बघून गेला आणि दारापाशी किमान दोन इंची अक्षरांत ‘एक्स्पेरिमेंटल’ असं लिहिलं, की झालं. आत प्रवाशाला दिसेल अशी आणखी एक पाटी लावावी लागते. हे विमान हौशी मंडळींनी बांधलेलं असून नेहमीच्या विमानांचे सुरक्षेचे नियम ते पाळत नाही, असा तिचा मजकूर. त्या पाटीसमोरची खुर्ची माझी. हल्ली मला रामरक्षेच्या आधी तीच आठवते.

विमान आमच्या मेव्हण्यांचं, म्हणजे दादांचं. ते ओहायोत डेटनजवळ राहतात. राईट बंधूंच्या गावचं पाणी लागलं, असं वहिनी म्हणतात. ओरेगॉनच्या व्हॅन्स कंपनीकडून आरव्ही-6चा संच मागवून दादांनी तो गॅरेजमध्ये रिव्हेट मारमारून उभा केला. कांदिवलीला घराच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांची बातमी त्यांनी वहिनींना मोठ्या आशेने दाखवली. वहिनी म्हणाल्या, “त्यांनी गच्ची वापरली. बायकोची गाडी बर्फात नाही काढली.”

तर या विमानाची बॅटरी भरत ठेवणारा अल्टरनेटर गेला. त्याने विमान पडत नाही, हे दादांनी मला हवेतच समजावलं. लायकॉमिंग इंजिनाला ठिणगी देतात दोन मॅग्नेटो, आणि त्यांना बॅटरीची गरज नसते. बॅटरी उतरली की जातं ते बाकीचं सगळं: रेडिओ, जीपीएस, दिवे. म्हणजे विमान उडत राहतं. आपण कुठे आहोत ते आपल्याला कळत नाही आणि दुसऱ्याला विचारताही येत नाही, इतकंच. 1903 साली राईट बंधूंच्या विमानात अल्टरनेटरच नव्हता, हेही दादांनी सांगितलं. मला त्या क्षणी इतिहास नको होता.

कारखान्यातून आलेल्या विमानाला मंजुरीचे कागद असलेलाच अल्टरनेटर लागतो. हौशी विमानाला ते बंधन नाही, म्हणून ही मंडळी बिनदिक्कत गाड्यांचे बसवतात. त्यांच्या खास पसंतीचा म्हणजे सुझुकी सामुरायचा: हलका आणि आटोपशीर. सामुराय म्हणजे आपल्या मारुती जिप्सीची अमेरिकेत दिलेली बहीण. ज्या जिप्सीतून फौजदार उतरले की आमची आळी सामसूम व्हायची, तिच्या घरचा अल्टरनेटर घेऊन हे लोक ढगात जातात!

गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात ‘विमान’ हा शब्द काढायचा नाही, अशी मला सक्त ताकीद होती. दुकानदाराला पुढे कोर्टकचेरी दिसते आणि माल आत जातो. पण दादांना खोटं बोलता येत नाही. गल्ल्यावरच्या पोराने विचारलं, “गाडी कोणती?”

“1987च्या सामुरायचा द्या.”

“एसी आहे?”

“नाही. वर लागत नाही.”

“किती मैल झालेत?”

“आम्ही तास मोजतो.”

पोराच्या डोळ्यांत कणव आली. “फार ट्रॅफिकमध्ये चालवता का?”

“उतरताना असतो थोडा.”

“बाहेर उभी असेल तर बघतो मी. बेल्ट ताणून देतो.”

“रस्त्यावर आणायला परवानगी नाही हो,” दादा म्हणाले. तेही खरंच होतं.

पोराने खोकं पुढे सरकवलं. आजीवन वॉरंटी होती. कोणाचं आजीवन, हे मी मराठीत विचारल्यावर दादांनी माझा पाय दाबला.

खरी गंमत बसवताना. लायकॉमिंग फिरतं गाडीच्या इंजिनाच्या उलट. अल्टरनेटर कुठल्याही बाजूने फिरला तरी वीज सारखीच तयार होते, पण त्याच्या पंख्याची पाती तिरकी असली तर वारा पुरेसा लागत नाही. इंजिनाचं चाक मोठं, म्हणून गाडीची इवलीशी पुली काढून त्याहून मोठी घालायची. नाहीतर अल्टरनेटर भलताच गरगरतो. शिवाय आतला रेग्युलेटर बिघडला आणि व्होल्टेज चढत गेलं, तर रेडिओचा धूर होतो, म्हणून तोडणारं वेगळं सर्किट हवं. बंद पडलेला परवडला, अतिउत्साही नको. (महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीबद्दल मी हेच म्हणत आलोय.) आणि बेल्ट बदलायचा तर चक्क प्रॉपेलर उतरवावा लागतो! त्यामुळे काही शहाणे एक जादा बेल्ट आधीच आत ओवून बांधून ठेवतात. दादा त्यातले.

काटा 14 व्होल्टवर स्थिरावल्यावर दादांनी कौतुकाने सांगलीला फोन लावला. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“जिप्सी म्हणजे ती पोलिसांची?”

“तीच. म्हणजे तिच्या बहिणीचा.”

“मग वर दिवा लावून घे एक,” सासूबाई म्हणाल्या, “मोठी विमानं बाजूला होतील.”