‘दोन मिनिटांत आलोच’ म्हणणाऱ्या साहेबांस

सन्माननीय कारमालक साहेब,


पुण्यातल्या बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्विकासाचा विषय निघाला की कुठल्याही बैठकीत पहिला हात आपला वर जातो. कलावंत विंगांबद्दल, ध्वनीबद्दल बोलत असतात. कुणी १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झालेल्या भूमिपूजनाची आठवण काढतं, कुणी १९६८च्या उद्घाटनाची. आपण असल्या भावुकपणात पडत नाही. ‘ते सगळं ठीक आहे हो, पण पार्किंगचं काय?’ झालं! सभेचे उरलेले दीड तास त्यातच जातात.

हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याइतका कुणालाच नाही, हे मान्य. कारण त्याच वेळी आपली गाडी जंगली महाराज रस्त्याच्या पदपथावर डावी दोन चाकं चढवून उभी असते. चारी इंडिकेटर टिकटिकत असतात, म्हणजे गुन्हा माफ. आरसा आपण आठवणीनं मिटून घेता. रस्त्यात उतरून, बसला हात दाखवत जाणाऱ्या आजींना तेवढीच वीतभर जागा जास्त मिळते. याला म्हणतात नागरिकांची काळजी. पी-वन, पी-टूच्या पाट्या सम-विषम तारखा पाहणाऱ्या सामान्यांसाठी असतात. आपल्याला रोजच सणाची तारीख.

आता आपल्या मागणीचा जरा हिशेब मांडू. एका मोटारीची चौकट अडीच मीटर बाय पाच मीटर. उतार, वळण, जाण्या-येण्याची वाट धरली की तळघरात एका गाडीमागे पंचवीस ते तीस चौरस मीटर लागतात. पंतप्रधान आवास योजनेच्या पहिल्या टप्प्यात दुर्बल घटकातल्या कुटुंबाला मिळणारं घरही तीस चौरस मीटरपर्यंतचंच होतं! प्रेक्षागृहात जवळपास हजार खुर्च्या. चौघांत एक गाडी धरली तरी अडीचशे गाड्या, म्हणजे साडेसात हजार चौरस मीटर, पावणेदोन एकरांहून जास्त. पण चौघं एका गाडीत येतात कुठे? आपण तर एकटेच येता, शेजारच्या सीटवर पाण्याची बाटली. नव्या आराखड्यात एकाहून अधिक नाट्यगृहं आहेत, तेव्हा जमिनीखाली मजल्यावर मजले खोदावे लागतील. त्याचा खर्च तिकिटातून किंवा कराच्या पावतीतून निघेल, म्हणजे रिक्षानं आणि चालत येणारेही तो भरतील. आपल्यासाठी एवढं तर केलंच पाहिजे.

आणि तळघर बांधलं तरी आपण तिथे जाणार का? मंडईत महापालिकेचे बहुमजली वाहनतळ आहेत.  तिथे पैसे पडतात, बाहेर रस्त्यावर पडत नाहीत. त्यामुळे व्यवहारी माणूस कुठे उभा राहणार, हे सांगायला वाहतूक सल्लागार नको. २०१८च्या मार्चमध्ये पालिकेनं रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावायचं धोरण मंजूर केलं, तेही प्रयोग म्हणून पाचच रस्त्यांवर. केवढा गहजब झाला! प्रयोग वर्षानुवर्षं कागदावर झोपून राहिला. फुकट मिळणारी गोष्ट कधीच पुरत नाही, एवढी साधी गोष्ट आपण त्या वेळी मुद्दाम विसरलात.

रंगमंदिराच्या मागेच, नदीपात्रात, छत्रपती संभाजी उद्यान मेट्रो स्थानक आहे. पगडीच्या आकाराच्या छतामुळे ते लांबूनही ओळखू येतं. २०२३पासून गाड्या धावताहेत. आपल्या कानावर आलं नसेल, कारण त्या स्थानकाखाली आपल्याला गाडी लावता येत नाही! नाटक संपल्यावर शेवटची मेट्रो मिळेल का, ही तक्रार मात्र रास्त आहे. ती आपण एकदाही केली नाहीत, हे नवल.

म्हणून विनंती. पुढच्या बैठकीला ‘पार्किंगचं काय?’ ऐवजी ‘पार्किंगचा तासाचा दर काय?’ असं विचारा, आणि तो दर बाहेरच्या रस्त्यावर तळघरापेक्षा जास्त असावा, अशी लेखी सूचना द्या. रात्रीच्या प्रयोगानंतर मेट्रो आणि बस सुटावी, हेही त्यातच लिहा. तेवढी सूचना दिलीत तर तळघराचा एक मजला वाचेल.

कळावे,
आपल्या गाडीमागे अडकून तिसरी घंटा चुकवलेला एक प्रेक्षक

ता. क. आता गाडी पदपथावरून खाली घ्या. टोइंगवाले कोपऱ्यावर आलेत.